अखंड आंब्याचा धूर

तीर्थरूप मामांच्या पायांशी,

साष्टांग नमस्कार. (धुराने खोकला लागल्यामुळे नमस्कार कमरेपर्यंतच पोचला आहे, उरलेला समजून घ्यावा.) तुमची पाठ आता कशी आहे? मामींनी तुमचा रंधा लपवून ठेवल्याचं कानावर आलं. बरंच केलं त्यांनी. कारखाना मुलाच्या हाती सोपवलेल्या सुताराने लाकडाकडे जरा लांबूनच बघावं. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. ते पुढे कळेलच, पण पत्र एकट्याने वाचा.

आनंदाची बातमी अशी की येत्या रविवारी माझे सासरे जेवायला येताहेत आणि मी त्यांना गच्चीत धुरावर भाजलेली कोंबडी खाऊ घालणार आहे. हा माणूस जन्मभर जहाजावर आचारी होता. लग्न झाल्यापासून आमच्या घरच्या प्रत्येक जेवणावर त्यांचा एकच निकाल असतो: "चालेल." माझ्या साडूच्या विजेच्या शेगडीवरच्या मासळीला मात्र मागे एकदा "छान" मिळालं, आणि तेव्हापासून साडू माझ्याशी खांद्यावर हात ठेवून बोलतो. मामा, मला ते "छान" हवंय. बाकी आयुष्यात मी समाधानी आहे.

धुराचं शास्त्र मी आता कोळून प्यायलो आहे. चव निम्मी मसाल्यात आणि निम्मी लाकडात असते. आंबा, पेरू, सफरचंद असल्या फळझाडांचा धूर गोड असतो, पण लाकूड पुरतं वाळलेलं हवं. धूर पातळ, निळसर निघाला तर आपण जिंकलो. पांढरा आणि दाट निघाला तर शेजाऱ्यांची माफी मागायला निघावं. (हे सगळं मला लाकूड विकत घेतल्यानंतर कळलं, ही गोष्ट वेगळी.)

पहिलं लाकूड वखारीतून आणलं. मी पडलो वजनकाटे तपासणारा सरकारी माणूस. मला बघताच वखारवाल्याने कपाळ पुसलं. मी आधी काटा रिकामा बघितला, मग माझी वजनं ठेवून बघितला, मग खुद्द वखारवाल्याला त्यावर उभं केलं. काटा चोख! इतका प्रामाणिक काटा नोकरीत क्वचितच पाहिला असेल. खूश होऊन पोतंभर आंबा तोलून घेतला, आणि घरी येईपर्यंत पोत्यातून पाणी ठिबकायला लागलं. काट्याने बरोबरच तोललं होतं, फक्त त्यात निम्मं पाणी होतं. काटा तपासण्याच्या नादात लाकूड तपासायचं राहून गेलं. पेटवल्यावर असा पांढराफटक धूर निघाला की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले गाण्याच्या बाईंचे कपडे पुन्हा धुवावे लागले. ते मी धुतले. कोंबडी तर भाजलीच नाही, वाफारा घेतल्यासारखी नुसती घामाघूम झाली.

मग फुकटातलं बघितलं. यंत्रांच्या दुकानामागे देवदारी खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या, अगदी खडखडीत वाळलेल्या. पण त्या झाडात राळ असते, आणि राळेची काजळी होते. कोंबडी इतकी काळी झाली की तिच्यावर बोटांचे ठसे घेता आले असते. तुमच्या भाचेसुनेने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अहो, बाबांना उकडूनच घाला. निदान नावं ठेवायला तरी शिल्लक राहतील!"

दुसरा कुणी असता तर त्याने हात टेकले असते. पण मी भाचा कुणाचा? दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत, खणखणले तर वाळलेले, भद्द वाजले तर ओले, हे तुम्हीच मला शिकवलंत. शांतपणे विचार केला. मला हवं होतं फळझाडाचं, वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड, ज्याच्या जातीची हमी एखाद्या जाणकाराने दिली आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लाकूड घरातच मिळालं, काल पेटवूनही बघितलं. तेव्हा रविवारची काळजी अजिबात करू नये. मामींना नमस्कार.

तुमचा,
पाचर
(हे नाव तुम्हीच ठेवलंत, कुठेही घुसतो म्हणून.)

ता. क. ते लाकूड म्हणजे आमच्या लग्नात तुम्ही दिलेलं स्टूल. "अखंड आंबा आहे, नातवंडं बसतील यावर," असं तुम्ही सगळ्यांदेखत थोपटून सांगितलं होतंत, म्हणून तर माझी छाती झाली. पॉलिश नीट तासून काढलं होतं.

पुन्हा ता. क. पॉलिशखाली आंबा होता. कागदाइतका. त्याखाली दाबलेला भुसा आणि सरस. धूर असा निघाला की कोंबडी गल्लीतल्या कुत्र्याने नुसती हुंगली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. राग नाही आला मामा, वाईट वाटलं. इतकी वर्षं येईल त्या पाहुण्याला त्या स्टुलावर बसवून मी अभिमानाने "आंबा, आंबा" म्हणत होतो.

आणखी एक. पाय डुगडुगतो म्हणून स्टूल तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवलंय, असं तुमच्या भाचेसुनेला सांगितलं आहे. तेव्हा शनिवारी नवं स्टूल घेऊन स्वतः या. या वेळी आतूनही आंबा असू द्या. तासताना निघतील ते ढलपे पिशवीत भरून आणा. रविवारची कोंबडी त्यांच्यावरच भाजायची आहे. निघण्यापूर्वी खणखण वाजवून बघा.

शेवटचं. मी फोनच केला होता, पण नेहमीप्रमाणे मामींनी उचलला. माहेरच्या माणसांना त्या कौतुकाने दाखवतात ते मोठं कपाटही आंब्याचंच ना, असं मी सहज विचारलं. "म्हणजे काय! अखंड आंबा. तुझ्या मामांनी स्वतः सांगितलंय," असं त्या म्हणाल्या.

मी फक्त "छान" म्हणालो.