उंदरी घोडीच्या कागदावरची सही

मी, आर्डिस मे हॅल्वरसन, वय त्र्याहत्तर, राहणार ड्राय फोर्क, नेवाडा, धंदा रानटी घोडे माणसाळवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा आजार फुप्फुसाचा आहे, डोक्याचा नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी भ्रमिष्ट झाले होते असे सांगायला माझा भाऊ व्हर्नल मागेपुढे पाहणार नाही. लिहिताना खोलीत कोणी नाही आणि दाराला आतून कडी आहे. प्रत्येक पानावर सहीशेजारी अंगठाही उठवला आहे. कारण पुढे येईल. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिसरे कोणीतरी उघडून परत चिकटवले होते असा माझा संशय आहे.

कलम पहिले. वकील म्हणाला, सुरुवात घरापासून करतात. मी घोड्यांपासून करते. आजमितीस माझ्याकडे चौदा घोडे आहेत. प्रत्येकाच्या मानेवरची सरकारी खूण, कपाळावरचा भोवरा आणि पायांवरचे पांढरे पट्टे सोबतच्या यादीत लिहिले आहेत. नावावर जाऊ नये. नाव कोणत्याही घोड्याला देता येते. यांपैकी एकही घोडा विकू नये, भेट देऊ नये, चार दिवसांसाठीसुद्धा कोणाकडे ठेवू नये. कोणी "चांगलं घर बघून ठेवलंय" असे म्हणाला, तर त्याला फाटकाच्या आत घेऊ नये.

कलम दुसरे. हे कलम नव्हे, कारण आहे. वकिलाने गाळायला सांगितले होते. गाळत नाही.

सन २०११ मध्ये रेनोच्या स्पर्धेसाठी मला एक उंदरी, म्हणजे उंदरासारख्या राखी रंगाची घोडी मिळाली. सरकारच्या लोकांनी हेलिकॉप्टरने कळप हाकून धरला होता, त्यातली ती. शंभर दिवसांत तिला माणसाळवून रिंगणात न्यायचे होते. पहिले अकरा दिवस तिने मला जवळ फिरकू दिले नाही. तेव्हा लेलँड एबल माझ्याकडे कामाला होता. तो पायूट या आदिवासी जमातीचा, पलीकडच्या वस्तीवरचा. एकोणीस वर्षे आम्ही एकाच तबेल्यात राबलो. तो म्हणाला, "तिच्याकडे बघू नकोस. नव्या पाहुण्याकडे कोणी असं टक लावून बघतं का?" मी तिच्याकडे पाठ करून बसले. बाराव्या दिवशी तिने माझी टोपी हुंगली. शंभराव्या दिवशी मी रिंगणात, लोकांनी भरलेल्या गॅलऱ्यांसमोर, तिच्यावर लगामाशिवाय बसले.

व्हर्नल तिथे आला होता. म्हणाला, "आर्डी, माझ्या ओळखीचं कुटुंब आहे. मुलगी घोड्यांतच वाढलीय. आणखी एखाददुसरा दिलास तरी सांभाळतील." मी घोडी दिली आणि दोन खच्ची घोडेही दिले. कागद माझ्याच नावावर ठेवले. घर स्वतः पाहायला गेले नाही. आयुष्यात तेवढ्यापुरताच विश्वास टाकला.

सात महिन्यांनी शेजारच्या राज्यातल्या जनावरांच्या बाजारातून फोन आला. तिथे नोंदी करणारी नोरीन टॅगार्ट विचारत होती, "बाई, तुमच्या नावावरची घोडी कत्तलीच्या कप्प्यात उभी आहे. तुम्हीच विकलीत का?" मी न थांबता गाडी हाकत गेले. घोडी सापडली, बरगड्या मोजता येतील अशी. दोन्ही खच्ची घोडे आदल्या दिवशीच ट्रकमधून कत्तलीसाठी सरहद्दीपार गेले होते. विक्रीच्या कागदावर माझी सही होती. इतकी हुबेहूब, की मलाच क्षणभर शंका आली.

माझी सही जमणारा एकच माणूस मला माहीत होता. मी घोड्यांत अडकले असले की गवताच्या गाडीच्या पावतीवर माझ्याच सांगण्यावरून लेलँड सही करायचा. मी कागद त्याच्यापुढे धरला. "ही कुणी केली?"

त्याने बराच वेळ पाहिले. "माझी नाही."

"मग कुणाची?"

"ते ठाऊक नाही. पण तू विचारत नाहीयेस, आर्डिस. तू ठरवून आलीयस."

हातातली म्होरकी त्याने खुंटीला अडकवली आणि गेला. मी तेवढ्यावर थांबले नाही. गवताच्या दुकानात सांगितले, जनावरांच्या डॉक्टरला सांगितले, दोन मोठ्या तबेलेवाल्यांना सांगितले. त्यानंतर या भागात लेलँडला कोणी घोड्याला हात लावू दिला नाही. नऊ वर्षे तो रस्त्यावर डांबर टाकत होता.

सन २०२० मध्ये आई गेली. तिचा खण आवरताना मला वाढदिवसाचे एक कार्ड सापडले. त्यावर दोन सह्या होत्या, व्हर्नलची आणि माझी. ते कार्ड मी कधी पाहिलेही नव्हते. विक्रीचा कागद शेजारी ठेवला. माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी दोन्हीकडे एकाच वळणाने खाली गेली होती. व्हर्नलला विचारले तेव्हा तो म्हणाला, "अगं, किती वर्षं झाली. घोडेच होते ते." त्याने नाही म्हटले नाही.

मी लेलँडला रस्त्यावर गाठून सगळे सांगितले. "बरं," म्हणाला आणि फावडे उचलले. तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, तो आपणहून आला आणि थेट घोडीकडे गेला. तेव्हापासून दर शनिवारी येतो. बोलतो ते बहुतेक घोड्यांशीच.

कलम तिसरे. जमीन, कुंपण, विहीर, घर आणि चौदा घोडे लेलँड एबल यास. दर तीन महिन्यांनी जनावरांच्या डॉक्टर उर्किदी यांनी घोडे मोजावेत. हा लेलँडवरचा अविश्वास नव्हे. घोडे डॉक्टरांना दिले असते, तरी कोणाला तरी मोजायला सांगितले असते.

कलम चौथे. रेनोला बक्षीस मिळालेले कमरपट्ट्याचे चांदीचे बक्कल नोरीन टॅगार्ट हिला. तिची चौकशी केली आहे. बाई सरळ आहे.

कलम पाचवे. व्हर्नल यास ते कार्ड आणि विक्रीचा कागद, एका चौकटीत बसवून. दोन्ही नकला. अस्सल कुठे आहेत हे लेलँडला ठाऊक आहे.

कलम सहावे. तिसरे कलम मी लेलँडला वाचून दाखवले. तो म्हणाला, "जमिनीचं नंतर. तू मला एकट्याला सांगितलंस. गावाला कुठे सांगितलंस?" खरे होते. चार वर्षे मी तोंड उघडले नव्हते. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: ती सही लेलँड एबल याने केलेली नाही. मी खोटे बोलले, आणि त्याची नऊ वर्षे गेली.

माझ्यामागे हे कोणी वाचून दाखवील यावर माझा भरवसा नाही. म्हणून आज सकाळी गवताच्या दुकानात उभी राहून मी स्वतः वाचले. परत आले तेव्हा लेलँड पाण्याचे टाके घासत होता.

"मोठ्यानं वाचलंस?"

"हो."

"कोण कोण होतं?"

मी नावे सांगितली.

"व्हर्नल?"

"नव्हता. तो गुरुवारी येतो."

"मग गुरुवारी परत वाच," तो म्हणाला आणि टाके घासू लागला.

वरील सर्व मजकूर माझा आहे. सही आणि डाव्या हाताचा अंगठा:
आर्डिस मे हॅल्वरसन

साक्षीदार, ज्यांना यातले काहीही मिळणार नाही:
१. डॉ. मायते उर्किदी, पशुवैद्य
२. ओपल ट्रेडवे, टपाल कचेरी (मजकूर न वाचता सही केली असे म्हणते; मला शंका आहे)

ड्राय फोर्क, नेवाडा. शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४.

पुरवणी, गुरुवार, २४ ऑक्टोबर. परत वाचले. व्हर्नल शेवटपर्यंत थांबला नाही, पण लेलँडचे नाव येईपर्यंत होता. लेलँड दारात उभा होता. आज शनिवार नव्हता, तरी नंतर तो माझ्याबरोबर घरी आला.
आ. मे हॅ., अंगठ्यासह. साक्षीदार तेच.