निळी भिंत आणि तीन घड्याळं

दांडी, मालवण
नोव्हेंबर २००९

प्रिय मर्लिन,

तुझी मेल बाबूच्या सायबर कॅफेत वाचली. तिन्ही घड्याळांचे फोटो उघडायला इतका वेळ लागला की माझ्या मागे थांबलेला माणूस कंटाळून उठून गेला. उत्तर मात्र मेलवर देत नाही आणि फोनवर तर नाहीच. फोनवर मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो आणि चौथ्याला फोन आपटतो. कागदावर निदान खोडता येतं. ह्या पानाच्या आधी दोन पानं फाडली आहेत, ती आमच्या विठोबाकाकाने चुलीत घातली आणि वर म्हणाला, बरी पेटली.

तू लिहिलंस, तुझ्या भावाची, ब्रॅंडनची बोट डिसेंबरात सिंगापूरला लागेल, नाताळला घरी येताना तो ह्या तिघांतलं एक घड्याळ घेऊन येईल, माझ्यासाठी, तुझ्याकडून. मी फक्त कुठलं ते सांगायचं. एवढंच काम. पण मला ते एवढंसं वाटलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी गोव्याला माझी शर्यत आहे, आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, मग धावणं, मध्ये कुठे थांबायचं नाही. ती मी का करतोय ते तुझ्या माझ्याशिवाय फक्त एका माणसाला माहीत आहे, ते म्हणजे तुझे पप्पा. गेल्या वर्षी मी कोल्हापूरचं कॉलेज सोडून आलो आणि त्याच तापात तुला मागायला तुमच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो, तेव्हा मला वाटलं होतं मॅन्युएल सर धर्माचं काढतील. मी भांडायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "धर्माचा मगे बघूया. तू एक तरी काम शेवटाक नेऊन दाखय." भांडायला काही जागाच ठेवली नाही त्यांनी. तू दाराआड उभी होतीस. तुझी सावली फरशीवर दिसत होती.

तेव्हापासून तुमची पायरी चढलो नाही, एकच काम धरलं आहे. दिवसा विकीच्या बोटीवर असतो, किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्यात उतरवतो, मासे दाखवतो, नाकात पाणी गेलेल्यांना वर काढतो. सकाळ माझी. एक दिवस चिवल्याला पोहणं, एक दिवस चौक्याच्या चढावर सायकल, एक दिवस तारकर्लीच्या रस्त्याने धावणं. आई मिठबावहून निरोप पाठवते की पोराच्या पाठीमागे काही लागलंय का बघा. बाबा काही पाठवत नाहीत. त्यांना वाटतं हेही मी सोडीन.

तर घड्याळं. तू तिन्हींची माहिती पाठवलीस, पण मला आयतीच त्यातली दोन हाताळायला मिळाली. पुण्याचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको विकीकडे आठवडाभर उतरले होते. दोघंही सायकलवाले. डॉक्टरांच्या मनगटावर ते जुनं लाल, काडेपेटीएवढं आणि बाईंच्या हातावर ते दुसरं, सडपातळ, ज्याच्या कडेवर नुसतं बोट फिरवलं की काम होतं. मी दोन्ही मागून घेतली. लाजलो नाही.

सडपातळ घालून मी तारकर्लीच्या रस्त्याने धावलो. दिसायला फार सुंदर आहे गो, अगदी लग्नात घालण्यासारखं. पण इथल्या दमट हवेत माझा हात म्हणजे नळ. घामाचा थेंब त्या कडेवर ओघळला की घड्याळ आपलं आपणच पान उलटायचं, अंतर बघायला जावं तर तारीख दाखवायचं, आणि वाळूत शिरल्यावर तर मी न सांगता थांबलंच. बाई म्हणाल्या, पुण्यात असं करत नाही. विकी म्हणाला, "तुझोच भाऊ ह्यो. हात लागलो की भडकता." ते घड्याळ माझ्यासाठी नाही. एका ठिकाणी दोन भडकणारे नकोत.

लालाचं दुखणं वेगळं. बाकी सगळं सरळ आहे. जाड बटणं, आकाशातल्या उपग्रहाला पटकन धरतं, सायकलवर एकदम इमानी. फक्त पोहायला ते नाही. पाऊस सोसतं, डुबकी सोसत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाण्यात नेऊ नको. पण घड्याळ आपल्या वाटेची नकाशावर रेघ काढतं ना, मला तर पाण्यातलीच रेघ बघायची होती, सायकलची कोणीही काढील. म्हणून त्यांच्याच देखत विकीने ते प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधलं आणि माझ्या मनगटाला आवळलं. डॉक्टर कपाळाला हात लावून काठावर बसले.

त्या दिवशीची रेघ बाबूच्या कॉम्प्युटरवर उघडली तर सगळं कॅफे गोळा झालं. घड्याळाच्या मते मी चिवल्याच्या पाण्यात शिरलो, तिथून खडकांवरून चालत गेलो, मासळी बाजारात जाऊन आलो आणि परत पाण्यात उतरलो. बाबू म्हणाला, "तू पोवतंस काय दारू पिऊन चलतंस?" मी त्याच्यावर जाणार होतो, पण डॉक्टरच हसायला लागले. मग त्यांनी समजावलं. हात पाण्याखाली गेला की घड्याळाला आकाश दिसत नाही, वर आला की ते घाईने कुठलंतरी ठिकाण लिहून मोकळं होतं. उपाय त्यांच्या बायकोने सांगितला, घड्याळ डोक्यावर टोपीखाली ठेव, डोकं तर वरच असतं. दुसऱ्या दिवशी तसं केलं. डोक्यावर टेंगूळ आल्यासारखा दिसत होतो. पण रेघ आली ती दोरी ताणल्यासारखी.

इतकी सरळ की डॉक्टरांना नवल वाटलं. ते म्हणाले, पाण्यात मान खाली घालून माणूस इतकं सरळ जाऊच शकत नाही. मग मी त्यांना आपल्याकडची खूण सांगितली. विठोबाकाका जाळं टाकलेली जागा परत शोधतो तशी. काठावरच्या दोन वस्तू धरायच्या, एक पुढची, एक मागची, आणि त्या एकामागे एक दिसतील अशा ठेवायच्या. सरकल्या की समजायचं आपण वाहवलो. डॉक्टर खूश झाले, कुठल्या दोन ते विचारलं. मी म्हटलं, मागची टेकडीवरची पाण्याची टाकी. पुढची कुठली ते मी सांगितलं नाही. पण बाईंनी रेघेचं टोक नकाशावर वाढवत नेलं आणि कौलांच्या एका घरावर बोट ठेवून विचारलं, रोज इथेच का जातोस रे, कोण राहतं इथे. बाबूला माहीत होतं. त्याने पंखा मोठा केला.

मर्लिन, तुमची समुद्राकडची निळी भिंत ही माझी पुढची खूण आहे. आज नाही, शाळेपासून. तेव्हा मी नांगरलेल्या होड्यांपर्यंत पोहून यायचो आणि तू काठावर माझं शर्ट आणि बाबांचं चावीचं घड्याळ धरून उभी असायचीस, कारण त्यात पाणी गेलं असतं तर बाबांनी मला त्याच पाण्यात बुडवलं असतं. मी बाहेर आलो की मनगट पुढे करायचो. तू पट्टा बांधायचीस, नेहमी एक भोक घट्ट. मी ओरडायचो, तू म्हणायचीस, "सैल बांधलंय तर पडात, मगे रडशीत." त्या खुणेवर मी एवढी वर्षं पोहलो. कधी चुकलो नाही.

डॉक्टरांच्या शेवटच्या दिवशी चुकलो. होड्यांना वळसा घालून परत फिरलो, श्वासासाठी मान काढली, टाकी दिसली, भिंत दिसेना. वाटलं पाण्याने लांब ओढलं. डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, टाकीखाली नुसती वाळू आणि वाळूच्याच रंगाचं काहीतरी. थांबून पाय मारत वर बघत राहिलो तेव्हा कळलं की घर जागेवर आहे, भिंतही आहे, फक्त निळी नाही. पिवळसर रंग दिलाय. बांबूची परांची अजून बांधलेली होती आणि वर एक माणूस ब्रश घेऊन बसला होता.

मला आधी वाटलं नाताळ जवळ आलाय. इतका शहाणा मी. तुमच्याकडे नाताळला दर वर्षी रंग लागतो, पण निळ्यावर निळाच. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, मी ते लक्षात येऊ दिलं नाही. तेवढ्यात विठोबाकाका जाळी काढून परतत होता, मला तसा तरंगताना बघून त्याने होडी जवळ आणली. मी चढलो. पोहणं अर्धं टाकून होडीत चढलो, सरांना सांगायचं असेल तर सांग. काकाने होडी काठाकडे वळवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जानेवारीच्या शेवटाक मॅन्युएल सरांकडे इसवण घालूचो आसा. मोठी ऑर्डर आसा. तुका सांगूक माझी जीभ उचालली नाय." इसवणाची, एवढ्या सुरमईची मोठी ऑर्डर तुमच्या घरी कशासाठी जाते ते दांडीवर लहान पोरालाही कळतं. तुझ्यासाठी ठरवलेला मुलगा मडगावचा, बहरीनला असतो, हे मग आईकडून कळलं. तिला मिठबावला बसून कळलं, मला चिवल्याच्या पाण्यात राहून नाही.

त्या दिवशीची रेघ मी बघितली नाही. बाबू म्हणाला, मधोमध नुसती गाठ आहे.

होडीतून उतरल्यावर तुला फोन लावणार होतो. बूथमध्ये गेलो, निम्मा नंबर फिरवला. मग वाटलं, आता मी ओरडणार, तू रडणार किंवा गप्प बसणार आणि सरांचं म्हणणं खरं ठरणार. घरी गेलो. दुसऱ्या सकाळी डॉक्टर नव्हते, घड्याळ नव्हतं, तरी चिवल्याला गेलो. त्याच टाकीखाली आता पिवळी भिंत धरायची असं ठरवून पाण्यात उतरलो. रंग ओळखीचा नव्हता, पण कडेचा माड तोच होता. सगळं अंतर पोहलो, वाळूला हात लागेपर्यंत. तुझी मम्मा बाहेर कपडे वाळत घालत होती. तिने मला बघितलं आणि हात केला नाही, आतही गेली नाही.

त्यानंतर मी तुझी मेल पुन्हा वाचली. तीन घड्याळं, प्रत्येकाखाली चार ओळी, कुठलं किती वेळ चालतं, कुठलं पाण्यात चालतं. लग्नाबद्दल एक शब्द नाही. मग मला समजलं हे काय आहे. तू मला निरोपाचं घड्याळ देते आहेस. राग आला. दोन पानं फाडली ती त्याच दिवशीची.

आता राग नाही. निवड केली आहे.

विकी म्हणतो, तिसरं घे, डोळे मिटून. डॉक्टरही जाताना तेच म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. तिसरं पाण्यात चालतं, एक बटण दाबलं की पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर येतं, मध्ये कपडे बदलायला लागलेला वेळसुद्धा मोजतं, दिवसभर दम टिकवतं. ते हातात असलं की माणसाला कोणाचीच गरज नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटा. शर्यतीसाठी ह्याहून चांगलं काही नाही, आणि मी ते नको म्हणतोय.

मला लाल हवं. जे पाण्यात नेता येत नाही ते. शर्यतवाल्यांना मी विचारून घेतलंय, पोहून वर येण्याच्या जागी आपलं एक माणूस उभं ठेवायला ते देतात, टॉवेल, चपला धरायला. घड्याळही धरायला. विकी म्हणतो मी राहतो उभा. मी त्याला नाही म्हटलं. तू त्या मुलाला शब्द दिला आहेस की फक्त घराने दिलाय हे मला माहीत नाही आणि ते मी फोनवर विचारणार नाही, तुमच्या पायरीवर येऊन पण नाही. तू शब्द दिला असशील तर ब्रॅंडनला सांग, काहीच आणू नको. मी रिकाम्या मनगटाने सायकलवर बसेन आणि शेवटपर्यंत जाईन. ते मी तुझ्यासाठी सुरू केलं होतं, पण आता तू असलीस नसलीस तरी सोडणार नाही. सरांना एवढं कळव. आणि दिला नसशील, तर त्याच्याकडून लाल घड्याळ घे आणि त्या रविवारी सकाळी ते घेऊन काठावर उभी राहा. मी दुसरी खूण धरणार नाही. पाण्यातून वर येईन आणि मनगट पुढे करीन. पट्टा एक भोक घट्ट बांध.

मान वर काढली की तुलाच शोधणारा,
तुझाच
सर्वेश