शीग लावलेला शंकू

मी, आकाराम केरबा पवार, वय ७३, गणित-विज्ञानाचा निवृत्त शिक्षक, राहणार कुंडल, ता. पलूस, जि. सांगली. गुडघे गेले, एक डोळा गेला, डोकं अजून जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कुणाच्याही दबावाशिवाय, पण फार थकून, हे लिहून ठेवतो.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी राहीबाई हिला; तिच्या पश्चात चिरंजीव राजवर्धन याला. पाण्याचा दाब दाखवायला मी राहीबाईच्या दोन पातेल्यांना भोकं पाडली. त्यावरून बोलणं तिने आता तरी थांबवावं.

२. करवत, रंधा, कानशी शेजारच्या मल्हार सुताराला. गिरमिट नऊ वर्षं त्याच्याकडेच आहे, तेही त्याचंच समजावं. मागून मागून कंटाळलो.

३. लोखंडी ट्रंकेत मी हाताने केलेलं शिकवायचं साहित्य आहे: पुठ्ठ्याचे चौरस, इंजेक्शनच्या नळ्यांची क्रेन, सायकलच्या स्पोकचा तराजू, पत्र्याचा शंकू आणि डबा. राजवर्धन म्हणतो, "आप्पा, काचेचं कपाट करूया, वर तुमचं नाव घालूया." नको रे बाबा. ही ट्रंक दीपमाला धम्मपाल कांबळे हिला द्यावी. ती माझी विद्यार्थिनी, आज कवठे महांकाळ तालुक्यात शिक्षिका आहे. कारण पुढे देतो. ते आजवर राहीबाईलाही सांगितलेलं नाही.

४. सन १९९८ च्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनात त्या शंकूला पहिलं बक्षीस मिळालं. तीन शंकू ज्वारी ओतली की तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच तोंडाचा डबा काठोकाठ भरतो, असा तो प्रयोग. माझा शंकू कापताना आखूड झाला होता. नवा करायला वेळ नव्हता. मी प्रत्येक वेळी शंकूवर शीग लावली, म्हणजे काठाच्या वर ज्वारीचा ढीग ठेवला, आणि डबा भरून दाखवला. परीक्षक आमच्याकडचेच, शिगेनं माप घेत वाढलेले. कुणाला काही खटकलं नाही.

बक्षीस मिळाल्यावर शंकू प्रदर्शनातल्या फोटोसकट शाळेच्या काचेच्या कपाटात गेला. किल्ली माझ्याकडे. बारा वर्षं, निवृत्त होऊन तो घरी आणेपर्यंत, मी फळ्यावर शंकूचं चित्र काढून सूत्र घोकून घेतलं. नववीतल्या दीपमालानं फोटोतली शीग पाहून विचारलं, "सर, आमी सपाट भरून बगू का?" मी तिला उद्धट म्हणालो आणि तासभर वर्गाबाहेर उभं केलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी घाबरलो होतो. याची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात ती भेटायला आली, पाया पडली. म्हणाली, "सर, तुमच्यामुळंच गणित घेतलं." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. म्हणून हे कागदावर.

५. सामानाची यादी जोडलेली नाही. यादी केली की लोक वस्तू जपायला लागतात. मुलांच्या हातून काही मोडलं तर जाब विचारू नये.

६. शंकू दुरुस्त करू नये. मुलांनी तो सपाट भरावा. डबा थोडा रिकामा राहील, मुलं "सर चुकले, बाई चुकल्या" म्हणून ओरडतील. तेव्हा दीपमालानं हे कलम वर्गात मोठ्यानं वाचावं, माझं पूर्ण नाव घेऊन. आणि ज्यानं चूक धरली त्याला वर्गात, पहिल्या बाकावर बसवावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला व सही केली.

सही: आकाराम केरबा पवार

साक्षीदार:
१. कृष्णात यल्लाप्पा माळी (सही)
२. सुलाबाई वीरधवल जाधव (सही)

कुंडल, दि. ९ फेब्रुवारी २०२५