पाठीवरचे डाग

प्रिय ठमे,

‘इकडे सगळं ठीक आहे’ अशी सुरुवात केली की तुला लगेच संशय येतो, म्हणून तसं लिहीत नाही. बरंचसं ठीक आहे. रोपवाटिकेत सकाळी काचघराच्या काचा आतून धुरकट झालेल्या असतात. आत शिरलं की समोरचं माणूस आधी नुसतं हलतं, मग हळूहळू त्याला चेहरा येतो. या वयातही मला ती सकाळ आवडते. कामाला लागायचं सोडून मी उगीच दाराशी उभी राहते आणि मुकादमबाई माझ्या नावाने बोटं मोडतात.

गेल्या महिन्यात माझ्या पाठीवर पुरळ उठलं. लगेच फोन उचलू नकोस, आधी पत्र पूर्ण वाच. पहिल्यांदा नुसती आग झाली, मग लाल चट्टे आणि त्यावर बारीक पाणीदार फोड. न्हाणीघरातल्या आरशात मान वाकडी करून पाहिलं, तर खांद्यामागचा थोडा भाग दिसला आणि कमरेच्या बाजूचा थोडा. मधलं काही दिसेना. घामोळं असेल म्हणून पावडर मारली, ती आणखी झोंबली. मग रोपांच्या पिशव्या भरता भरता फोनवर वाचायला लागले. तू नको म्हणतेस ते मी नेमकं करते. वाचत वाचत गुप्तरोगांपर्यंत पोचले आणि फोन झटकन एप्रनच्या खिशात टाकला. शेजारची बाई फक्त माती चाळत होती, पण मला वाटलं, तिने माझ्या तोंडावर सगळं वाचलं.

खरं तर तुलाच विचारायचं. माझी मुलगी त्वचारोगाच्या दवाखान्यात नर्स आहे, हे मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगून झालंय. भिंतीकडे तोंड करून बोलणारे पेशंट, त्यांना तुझं ते ‘लाजू नका, आम्ही रोज बघतो’, सगळं मला पाठ आहे. फोन लावलाही होता. पण तू हॅलो म्हणालीस आणि मी तुझा गीझर दुरुस्त झाला का ते विचारून ठेवून दिला. कारण पुढचा प्रश्न काय येतो ते मला ठाऊक होतं. ‘कुणाशी संबंध आलाय का?’ तो तू सगळ्यांनाच विचारतेस. आणि त्याचं उत्तर म्हणजे एक अख्खा माणूस होता, ज्याच्याबद्दल तुला मी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

आमच्या रोपवाटिकेत एक कलमवाले आहेत. अंजिराची कलमं त्यांच्यासारखी कुणाला साधत नाहीत. हातमोजे घालत नाहीत, डोळा कुठे फुटणार ते बोटांना कळतं म्हणतात. बायको फार वर्षांपूर्वी सोडून गेली, त्याबद्दल ते कडवट बोलत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच बाकावर बसायला लागलो. मग संध्याकाळी ते घरापर्यंत सोडायला यायला लागले आणि पुढे पुढे सकाळीही माझ्याच घरून निघायला लागले. झालं, लिहिलं एकदाचं. आता तुला काय हसायचं ते हसून घे.

त्यांनी मला तरंगायला शिकवलं. तुझ्या आईने पोहण्याचा पोशाख विकत घेतला, पाठ उघडी असलेला. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी काम लवकर आटोपलं. ते कलमं बांधून तसेच आले आणि आम्ही रोपवाटिकेमागच्या तळ्यावर गेलो. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. कान पाण्यात बुडाले आणि जगाचा आवाज बंद झाला. वर नुसतं आभाळ. त्यांनी हात कधी काढून घेतले ते मला कळलंच नाही. मग उन्हात पालथी पडून मी कितीतरी वेळ सुकत राहिले. तुझे बाबा गेल्यापासून इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते.

पुरळ दिसलं आणि त्या दुपारवर पाणी पडलं. वाटलं, या माणसाचं आधीचं आयुष्य मला काय माहीत? विचारावं तर तोंड उघडेना. सर्दीचं निमित्त करून मी बाक बदलला. ते मात्र माझ्या वाटणीचा चहा रोज झाकून ठेवत राहिले. तेव्हा मला स्वतःचाच राग आला आणि मी दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई तुझ्याच वयाच्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं, तुझ्या पेशंटसारखंच. त्यांनी पाठ पाहिली, मग एक आरसा माझ्या मागे धरला आणि एक पुढे.

“बघा,” त्या म्हणाल्या. “ही बोटं कुणाची?”

माझ्या खांद्यावर एक हात उमटला होता, गं. चार बोटं, बाजूला अंगठा. कमरेवर दुसरा. अंजिराचा चीक ओल्या अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते, हे कामावर नव्याने येणाऱ्या प्रत्येक पोरीला मीच बजावते. स्वतःच्या पाठीवर मात्र मला ते सुचलं नाही. लाजेने माझी अक्कलच गहाण पडली होती. रक्त त्यांनी तरीही तपासलं, तू तपासलं असतंस तसंच. काही निघालं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासायचंय.

कलमवाल्यांना सगळं सांगितलं, माझा संशयसुद्धा. त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. मला वाटलं, आता उठून जातील.

“मग माझंही तपासून घेऊ,” ते म्हणाले. “तुम्हाला एकटीलाच सुई कशाला?”

त्यांचंही ठीक आलं. आता ते हातमोजे घालतात आणि दिवसभर कुरकुरतात.

फोड गेले, तपकिरी डाग राहिलेत. मलम लावायला माझा हात तिथवर पोचत नाही. घरी कुणी आहे का लावायला, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मुलगी आहे पण लांब असते, असं सवयीने म्हणून गेले आणि मग म्हणाले, आहेत, घरी आहेत. ते मी पहिल्यांदा कुणापुढे तरी बोलले. तेच तुझ्यापुढे बोलायला हे पत्र. सुट्टीत येशील तेव्हा दार बहुधा ते उघडतील, दचकू नकोस. तू नेहमीप्रमाणे आल्या आल्या माझी पाठ चोळायला बसशील, तेव्हा डाग कदाचित दिसणारही नाहीत. काही महिन्यांत पार जातील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गेलेच पाहिजेत का, असं मी त्यांना विचारलं होतं.

तुझीच,
थोडी डागाळलेली
आई