नेळीफुशीचा बेत

३ जानेवारी, शुक्रवार
ठरलं. नेळीफुशी बेटावर जायचं आणि मस्त आराम करायचा. शहूदा परवाच आमच्या लेकीला, रायाला, घेऊन तिथे माहेरी गेली. बोटीत चढताना म्हणाली, "मला आता शांतता हवी, मुफीद." मलाही तीच हवी आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली की नवराबायकोचे विचार असे आपोआप जुळतात. इथे राजधानीत, मालेत, शांतता मिळणारच कुठे? खाली मोटरसायकली, वर शेजाऱ्याचा टीव्ही. ती पुढे, मी मागाहून. दोन्ही मोठ्या बॅगा तीच घेऊन गेली. म्हणजे मला हलकं जाता येईल.

१० जानेवारी
या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत जमलं नाही. समुद्राचा भरवसा वाटेना. हवामान ऑफिसात रोज समुद्राचा अंदाज मीच तयार करतो. समुद्र ज्याला एवढा कळतो त्याने घाई करू नये. झुबैर काल शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "अरे, सकाळी तूच लिहिलंस ना, समुद्र शांत? वाटीतल्या गरुधियाच्या सारासारखा निपचित पडलाय तो." त्याला म्हटलं, तो अंदाज कोळ्यांसाठी. सुट्टीवर जाणाऱ्याला वेगळा लागतो.
बोटीत माझ्या पोटाचं काय होतं, ते इथे लिहायचं कारण नाही.

२४ जानेवारी
लतीफबेचा फोन. शहूदाचा थोरला भाऊ. माणूस चांगला, पण सरळ मुद्द्यावर येतो. म्हणाला, "एकदा ये आणि तिच्यासमोर बसून बोल. पोरगी रोज जेटीवर जाऊन बसते." मी म्हटलं, येणारच आहे, प्रोग्राम आखतोय. सकाळी पोहणे, दुपारी झोप, संध्याकाळी फेरफटका. लतीफबेने दोनदा विचारलं, "काय म्हणालास?" बेटांवर नेटवर्कचा फार प्रॉब्लेम आहे.

६ फेब्रुवारी
शहूदाने शिलाई मशीन मागवलं. मालवाहू धोणीत चढवून दिलं. "मशीनचा दिवापण पाठव," म्हणाली. चांगलं लक्षण. मी येईपर्यंत तिचा वेळ जायला हवा ना. मशीनचा कोपरा मोकळा झाला, तिथे खुर्ची टाकली. ऑफिसातून आलो की तिच्यात पाय पसरून बसतो. आरामाचीही सवय लागते. एकदम गेलं आणि जमलं, असं होत नाही.

२० फेब्रुवारी
हॅट घेतली. गॉगल घेतला. पूर्वतयारी म्हणून इथल्याच कृत्रिम बीचवर जाऊन आडवा झालो. डोळे मिटतो न मिटतो तोच फुटबॉल येऊन तोंडावर बसला. गॉगल गेला. ज्याने मारला तोच म्हणाला, "काका, झोपायची जागा आहे का ही?"
रायाचा फोन. तिला पाण्यावर उताणं तरंगता येतं आता. "बाबा, तू आलास की दाखवीन. कधी येतोस?" तिला समजावलं की नीट आराम करायचा तर आधी नीट प्लॅनिंग लागतं. म्हणाली, "म्हणजे नाही."
आजकालच्या मुलांना धीर नाही.

११ मार्च
रमजान. रोजा सोडायला झुबैरकडे गेलो. त्याच्या बायकोने विचारलं, शहूदा कधी येणार? म्हटलं, मीच जाणार आहे. तिने माझ्या ताटात आणखी एक भजं वाढलं. का, ते कळलं नाही.
शहूदाला तिथल्या गेस्ट हाऊसमध्ये नोकरी लागली. फोनवर सांगितलं तिने. मी लगेच विचारलं, घरच्यांना डिस्काउंट मिळतो का? ती म्हणाली, "मुफीद, मी काय सांगतेय ते कळतंय का तुला?" म्हटलं, कळतंय की. सीझन संपला की रेट उतरतील.
तिने फोन ठेवला. कामावर असेल.

३० मार्च, सकाळ
उद्या ईद. आज दुपारच्या स्पीडबोटीचं तिकीट खिशात आहे. या वेळी बदल नाही. लतीफबेला कळवलं, रायाशी बोललो. ती किंचाळलीच. म्हणाली, नवा फ्रॉक घालून जेटीवर उभी राहते. फार्मसीतून बोटीच्या गोळ्या आणल्यात. आधी एक ट्रायल म्हणून घेऊन बघतो. अनोळखी गोळी एकदम समुद्रात कशाला?

३१ मार्च, ईद
गोळी उत्तम आहे. काल दुपारच्या नमाजची अजान ऐकू आली नाही, बोटवाल्यांचे फोन ऐकू आले नाहीत. जागा झालो तेव्हा मशिदीत ईदची तकबीर चालू होती.
लतीफबे म्हणाला, जेटीवरचे दिवे लागले तरी राया हलेना, शेवटी त्याने तिला उचलून घरी आणलं. शहूदा फोनवर आली नाही. रायापण नाही.
यापुढे ट्रायल बंद.
आज जास्त लिहीत नाही.

१८ एप्रिल
रायाचं नाव बेटावरच्या शाळेत घातलं. म्हटलं, तात्पुरतं ठीक आहे, अभ्यास मागे पडायला नको. लतीफबे म्हणाला, "तात्पुरतं काही नाही रे." तो मुळातच निराशावादी आहे.
फ्रिजही पाठवून दिला. थंड पाणी पिणं तसंही चांगलं नाही. घर खूपच मोठं वाटतं आता. मालेत लोक एवढ्या जागेसाठी जीव टाकतात.

९ मे
पुढच्या आठवड्याचं तिकीट हातात. झुबैर खो खो हसला. "सगळे शांत महिने खुर्चीत बसून घालवलेस, आणि आता नैर्ऋत्येचा वारा सुटल्यावर निघालास?" मी म्हटलं, ऑफ सीझन. गर्दी नसते. मग तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "मुफीद, या वेळी मात्र खरंच जा."
मी कधी म्हटलं जाणार नाही म्हणून?

१६ मे
गेलो नाही. मीच लिहिलेला वादळाचा इशारा होता आणि या वेळी तो खरा होता. बोटी बंद. झुबैरने माझ्यासाठीही चहा आणून ठेवला. तो हसला असता तर बरं झालं असतं.

२२ मे, गुरुवार
पोहोचलो. बोटीचं वर्णन करत नाही. शेजारच्या म्हातारीने सगळा वेळ माझं कपाळ धरलं होतं. तिने विचारलं, "कुठल्या बेटाचा तू?" मी मालेचा म्हटल्यावर तिला सगळं समजल्यासारखं दिसलं.
जेटीवर लतीफबे. मला घरी न नेता थेट गेस्ट हाऊसला घेऊन गेला. म्हणाला, "घरात जागा नाही असं नाही. पण तिने सांगितलंय." काउंटरमागे शहूदा. निळा युनिफॉर्म तिला शोभतो. मी म्हटलं, आलो बघ. ती म्हणाली, "ओळखपत्र दे." ते नोंदवताना ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्याचा रंग उडाला होता माझ्या, त्यामुळे असेल. "लिंबूपाणी पाठवते," म्हणाली.
खोली छान आहे. समुद्र दिसतो. डिस्काउंट मिळाला.

२३ मे, शुक्रवार
सकाळी राया आली. बरीच उंच झाली आहे. म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?" आधी वाटलं, माझ्यामागे कुणीतरी उभं आहे. वळून बघितलं. कुणी नव्हतं. या शाळेत शिस्त चांगली लावतात. म्हटलं, तरंगून दाखवतेस ना? म्हणाली, "ते लहानपणी. आता मी जेटीवरून उडी मारते." मैत्रिणींनी हाक मारली, गेली. उडी लांबून पाहिली मी. पाण्यात गेली ती बराच वेळ वर आलीच नाही. मी उठून उभा राहिलो. मग भलतीकडेच डोकं वर आलं, हसत.
जुम्म्याच्या नमाजनंतर शहूदा येऊन माझ्या शेजारच्या जोलीत बसली. दोरीच्या त्या झुलत्या जाळीत बसायला मीच तिला एकदा शिकवलं, असं मी झुबैरला सांगत असतो. खरं तर तिनेच मला शिकवलं होतं.
मी बोलायला सुरुवात केली, की प्रोग्रामप्रमाणे आता संध्याकाळचा फेरफटका. ती म्हणाली, "मुफीद, मी डिसेंबरातच सगळं सांगितलं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून. तू बरं म्हणालास."
मला आठवतं. मी साखर शोधत होतो.
विचारलं, रागावली आहेस का? म्हणाली, "राग असता तर भांडले असते. ते दिवस कधीच गेले." मग? "मग काही नाही. मला इथे बरं वाटतं. रायालाही." मी म्हटलं, मीपण इथे बदली मागू शकतो, इथेही हवा आहेच की. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "मी जायच्या आधी एकदा नको म्हणाला असतास तर राहिले असते. नुसतं नको. मी बॅगा भरताना दाराकडे बघत होते."
मी तेव्हा तिला बॅगेची चेन लावून दिली होती. अडकत होती म्हणून.
आता म्हटलं, "नको." म्हटलंच मी. मोठ्याने म्हटलं. ती उठली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "जेवून घे. रात्रीसाठी मासा भाजायला सांगितलाय."
मासा चांगला होता. मी खाल्ला.

२४ मे, शनिवार
सकाळी माझी बोट. तीच बोट नवे पाहुणे घेऊन आली. शहूदा त्यांच्या स्वागताला जेटीवर, मीही तिथेच. एका उंच गोऱ्याला मी हॉटेलचाच माणूस वाटलो. त्याने आपली बॅग माझ्या हातात दिली. मी घेतली. नाही म्हणायला वेळ मिळाला नाही. जड होती. गेस्ट हाऊसच्या पायरीपर्यंत नेऊन ठेवली आणि परत जेटीवर आलो.
शहूदा एकेकाची ओळख करून देत होती. हा नावाडी, ही स्वयंपाकाची ताई, ही माझी मुलगी. गोऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. ती क्षणभर थांबली. मग त्याच छान हसऱ्या आवाजात म्हणाली, "हे मालेचे. आज परत चाललेत."
बरोबर आहे. उद्या ऑफिस आहे.