राजेसाब, इंजिन कुठलं घेऊ?

भवानी पेठ, सोलापूर
गुरुवार, दुपार

प्रिय राजेसाबास,

वीरभद्रप्पाचा सलाम आणि शरणु शरणार्थी. दोन्हींपैकी रागाच्या भरात जो चालेल तो घे. सायराबानूभाभींचा गुडघा कसा आहे? वैरागला लेकीकडं, आफरीनच्या घरी हवापाणी मानवलं का? (फार मानवू देऊ नको.) तेरा दिवसांत तुला सत्तावीस फोन लावले, आमच्या हिनं, चंद्रिकेनं मोजलेत, तू एकही उचलला नाहीस. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. पत्र गुफरान एसटीनं आणून देईल. त्याच्यावर ओरडू नको, तो बिचारा नुसता आणणारा.

महत्त्वाचं आधी लिहितो. नव्या पिकअपचं बुकिंग सोमवारी करायचं आहे. तुळशीचं लग्न झालं की मांडवाच्या ऑर्डरी सुरू होतील, आणि आपल्याकडं गाडी चालवता येणारा माणूस तू एकटा. माझ्या हातून स्कूटीसुद्धा सरळ जात नाही हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. तू आला नाहीस तर मांडव गोदामातच राहील, कारण दुसरा ड्रायव्हर मी ठेवणार नाही. चोवीस वर्षांत ठेवला नाही, आता काय ठेवतो.

गाडीचं म्हणशील तर माझं डोकं पार भंजाळलंय. शोरूममधला अजिनाथ (लई गोड बोलतो, मला गोड बोलणाऱ्याची भीती वाटते) पहिलंच विचारतो, पेलोड किती लागतो? म्हणजे गाडीत वजन किती भरता. मी खरं ते सांगितलं, की चाकावरचा स्प्रिंगचा वाकडा पाटा सरळ होईपर्यंत भरतो. इतकी वर्षं तू चाकापाशी वाकून पाट्याकडं बघायचास, "बस अप्पा, आता न्हाय" म्हणायचास, की आम्ही थांबायचो. दुसरं माप आपल्याकडं होतं कुठं? मग त्यानं जनरेटरचं वजन विचारलं, मागं जोडून ओढायचा आहे म्हणून. मी म्हटलं, आपली पोरं ज्ञानू आणि गुफरान दोघांनी ढकलला तर हलत नाही, तिसरा लागला की हलतो. अजिनाथ बराच वेळ कॉम्प्युटरकडं बघत बसला. त्यात हे लिहायला रकाना नसावा.

मग इंजिन. डिझेल घेतलं तर ताकद, सीएनजी घेतलं तर खर्च कमी पण पंपावर रांग, इलेक्ट्रिक घेतलं तर आवाजच नाही (मग गाडी सुरू आहे हे कळायचं कसं?). हॉर्सपॉवर बघू की टॉर्क बघू विचारलं, तर म्हणाला दोन्ही बघा. मी दोन्ही बघितलं, मला काही दिसलं नाही. मग विचारत सुटलो. नव्या पेठेतले सराफ म्हणाले डिझेल. दाताचे डॉक्टर म्हणाले सीएनजी, पण तेव्हा माझा जबडा उघडा होता, त्यामुळं कारण विचारता आलं नाही. गिरणीवाला म्हणाला इलेक्ट्रिक, कारण त्याची मोटार वीस वर्षं बिघडली नाही. आमचा मेहुणा प्रभु म्हणाला, इंजिन कुठलंही घ्या, रंग पांढरा घ्या. मठातल्या स्वामींनाही विचारलं. ते म्हणाले, सावकाश चालवा.

आता त्या शुक्रवारचं. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी अजिनाथला म्हटलं, तुमची डेमोची गाडी काही ओढून दाखवेल तर मी मानेन. तो गाडी घेऊन पेठेत आला, आणि आपला जनरेटर अक्कलकोटला एका कार्यक्रमाला गेलेला. आता ओढायचं काय? समोर मशिदीपाशी आपला टेम्पो उभा, आणि तू जुम्म्याच्या नमाजाला आत. टेम्पोला कुलूप तू कधी लावत नाहीस. लावली साखळी! मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतं असं अजिनाथ म्हणाला, तर मीच बसलो. (दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.) ओढली, राजेसाब, लई छान ओढली. पण अजिनाथनं चौकात ब्रेक मारला आणि मला ब्रेक कुठला ते आठवेना. धाडकन जाऊन त्याच्या गाडीच्या मागच्या डाल्याला धडकलो. बघतो तर तू फुटपाथवर उभा, टोपी डोक्यावर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. गाडी चोरीला गेली म्हणून धावत आला होतास. फुटलेल्या दिव्यावरून हात फिरवलास, केबिनमधला टॉवेल घेतलास आणि स्टँडकडं चालू लागलास. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तू गेल्यावर मंगळवारी वजन करायला शाकीरचा टेम्पो ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतला. पाइप, कनाती, खुर्च्या, कढया सगळं भरलं आणि वजनकाट्यावर नेलं. गाडीचं रिकामं वजन वजा करून माल भरला सव्वीसशे किलो! अजिनाथ म्हणाला, अप्पा, हे पिकअपचं काम नाही, ट्रक बघा. तेवढ्यात ज्ञानूनं वरून हाक मारली, उतरायचं का अजून बसायचं? माल भरला की आपली माणसं सवयीनं वर चढून बसतात, ती सातही जणं काट्यावर होती, आणि मध्ये खुर्ची टाकून प्रभु. सगळे उतरल्यावर एकवीसशे. तरीही लई झालं. शाकीरच्या ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं, तर पाटा सरळ होऊन उलटा वाकलेला. आम्ही भरतच गेलो होतो रे. "बस" म्हणणारं कुणी नव्हतं.

आफरीनला आशीर्वाद, भाभींना नमस्कार. पत्र मोठं झालं, वाचताना चष्मा लाव.

तुझा,
वीरभद्रप्पा

ता. क. गुफरानजवळ शेंगाचटणी दिली आहे. डबा परत नको.

ता. क. दुसरा. टेम्पोला नवा दिवा बसवून घेतला. टेम्पो विकणार नाही, वर पेलोड-टॉर्कचं काहीही लिहिलेलं असो.

ता. क. तिसरा. पत्र लिहून झाल्यावर चंद्रिकेला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सराफाला विचारलंत, दातवाल्याला विचारलंत, गाडी चालवणाऱ्याला कदी विचारलंत?" मी पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. खरंच कुठंच नाही, राजेसाब. अख्खं सोलापूर विचारून झालं, तुलाच विचारायचं राहिलं. मला वाटलं होतं, सगळं ठरवून तुझ्या हातात एकदम चावी ठेवावी. चुकलं माझं. आता विचारतो: इंजिन कुठलं घेऊ? पण कागदावर उत्तर धाडू नको, येऊन सांग. सोमवारी अकरा वाजता मी शोरूमच्या दारात उभा असेन, तुझ्याआधी आत पाय ठेवणार नाही.