दोघांचाही आवाज मीच

गुरुवार, १४ ऑक्टोबर १९९९

ख्वे स्टुडिओत आले. कोरियन मालिकेच्या पाचव्या-सहाव्या भागाच्या भाषांतराची फाइल माझ्या टेबलावर ठेवली, चहा घेतला, गेले. बोलले एकूण दोन वाक्यं. "घसा बरा आहे ना, तुयेतबाई?" आणि "चुकलंमाकलं दिसलं तर सांगा, मी पदरचं काही घालत नाही."

पदरचं घालत नाही म्हणे! न विचारता असं कोण सांगतं? ज्यानं घातलंय तोच.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग. खाली कोरियन आवाज बारीक ठेवायचा आणि वर मी एकटीनं आपल्या भाषेत सगळ्यांचं वाचायचं. मिन-सोक मी, यून-जी मी, तिची खाष्ट मावशी मी, स्टेशनवरचा हमालही मीच.

यून-जी रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करते. मिन-सोक इंजिनं दुरुस्त करतो आणि तिच्याशी भांडायला रोज निमित्त शोधतो. आज म्हणाला, "थंडीत आंबट खाऊ नका. तुमचा आवाज बसला तर माझी सकाळ उजाडायची कशी?"

मी वाचता वाचता थांबले. पडद्यावर ती बिचारी कोबी खात होती. कोबी कधीपासून आंबट झाली? आंबट आहे ती माझ्या टेबलावरची सौ-फळांची बरणी. तिच्याकडे ख्वे दर गुरुवारी बघतात. आवाज माझा. आणि घशाची चौकशी कालच झालेली!

शनिवार, १६ ऑक्टोबर

चव्वेचाळीस वर्षांची विधवा मी. आरशात बघून हसले. आई म्हणाली, "काय गं, दात दुखतोय का?"

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

नवव्या भागात तो विचारतो, "तुम्ही मला टाळता का?" कागदावर यून-जीचं उत्तर – "मला माहीत नाही." मी वाचलं – "माहीत असून विचारायची खोडच आहे तुम्हाला."

काचेपलीकडून रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या थिन्हकाकांनी यंत्र थांबवलं. "तुयेत, तिचं तोंड हललं दोनदा. तू शब्द घातलेस अर्धा डझन."

"घाईत बोलते ती," मी म्हटलं.

काका चष्म्यावरून बघत राहिले, पण रेकॉर्डिंग पुसलं नाही त्यांनी.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

ख्वे चहा ढवळत बसले. साखर घालायचं विसरले होते. म्हणाले, "रविवारचा भाग ऐकला."

"बरं मग?"

"चांगली बोलते ती." कान लाल.

नव्या फाइलीत मिन-सोक म्हणतो, "तुम्ही भांडलात की मला घरी जावंसंच वाटत नाही." आता याला काय म्हणायचं!

रविवार, १४ नोव्हेंबर

आईबरोबर मालिका बघितली. शेजारच्या चौघी जणी खाली चटईवर. आई म्हणाली, "ही पोरगी हल्ली अगदी तुझ्यासारखी टोमणे मारते."

"आवाज माझाच आहे ना, आई."

"आवाजाचं नाही म्हणत मी. आणि दरवेळी त्याच्या जिन्यावर येऊन परत का फिरते? तूच वाचतेस ना, मग म्हणायला लाव तिला एकदाचं हो!"

गुरुवार, २५ नोव्हेंबर

थिन्हकाकांनी सहज सांगितलं – मालिका संपली की दुसऱ्याच दिवशी ख्वे सायगॉनला मुलीकडे चालले. कायमचे. वीस डिसेंबरचं गाडीचं तिकीट काढलंय.

मला कोणी सांगायची गरज नव्हती म्हणा. वाईट वाटलं. खूप वाटलं.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

यून-जीला आज फार बोलायला लावलं. "जाणारी माणसं आधी सांगत का नाहीत?" मूळ वाक्य होतं, "छत्री घेतलीत का?"

शुक्रवार, ३ डिसेंबर

मेले मी.

सोलहून शिकून आलेली मिएन आता दर शुक्रवारी बसणार, भाषा तपासायला. तीन तास कागद आणि पडदा ताडून बघितला. मग म्हणाली, "ताई, ख्वेकाका कमाल आहेत. प्याँगयांगला गिरणीकाम शिकायला गेलेला माणूस, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी जुने भागही बघितले."

"ते आंबट खाऊ नका?" मी हळूच विचारलं.

"आहे की मुळात. मुरवलेली कोबी होती ना ती. आंबटच असते."

"घरी जावंसं वाटत नाही?"

"तेही आहे. पण ताई, यून-जीची वाक्यं तुम्ही कुठून आणता?"

म्हणजे ख्वेंनी पदरचं काहीच लिहिलं नव्हतं. पाच आठवडे मी एकटीच, अख्ख्या देशाच्या देखत, एका सरळमार्गी माणसाच्या गळ्यात पडत होते. आणि तो माणूस दर रविवारी घरी बसून ऐकत होता, आपण हे लिहिलेलं नाही हे पक्कं ठाऊक असताना!

गुरुवार, ९ डिसेंबर

ख्वे यायच्या वेळेला मी बाजारात गेले. बाजारात काही काम नव्हतं.

शुक्रवार, १० डिसेंबर

कागदावर आहे तेवढंच वाचलं. थिन्हकाका म्हणाले, "आज यून-जी आजारी आहे का?"

सोमवार, १३ डिसेंबर

आईची तक्रार – "पोरगी एकदम मुकी झाली. मजा गेली."

गुरुवार, १६ डिसेंबर

आज लपले नाही. किती दिवस लपणार? ख्वेंनी शेवटची फाइल ठेवली. चहा नको म्हणाले. दारात थांबले. "शनिवारी-रविवारी ती काहीच बोलली नाही."

"कागदावर नव्हतं."

"हो. कागदावर नव्हतं," म्हणाले आणि गेले.

शेवटचा भाग मिएननं सोलमध्ये बघितलाय. विमानतळावर दोघं समोरासमोर उभे राहतात, कोणीच काही बोलत नाही, तो जातो. मी फाइलीतलं शेवटचं पान काढलं.

मिन-सोक : मी राहिलो तर चालेल का?

पुन्हा वाचलं. मिएनला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हे मुळात नाही, ताई. शप्पथ." ख्वेंच्याच हातचं. पदरचं!

त्याच्या खाली लिहिलंय – यून-जी : आणि पुढची अख्खी ओळ कोरी.

शुक्रवार, १७ डिसेंबर

वाचलं – "विचारायला चोवीस भाग लागले? राहा."

थिन्हकाका म्हणाले, "अगं, तिचं तोंड हललंसुद्धा नाही."

म्हटलं, "माझं हललं ना. राहू द्या, रविवारी ऐकणाऱ्याला कळेल."

सोमवार, २० डिसेंबर

सायगॉनची गाडी सकाळी अकराला सुटली. साडेअकराला आईनं हाक मारली – "तुयेत, बाहेर कोणी बॅग घेऊन आलंय. चहात साखर किती घालू, विचार."